मामाची बस आणि इंग्रजीची गाठोडी



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी मला इंग्रजी वाक्यावर लेख लिहायला सांगितले. लेख जरा लांबला, म्हणून त्याला चार कागद मिळाले आहेत. कृपया डावीकडच्या कागदापासून वाचत यावे. इंग्रजी शब्दही मी मराठी अक्षरांतच लिहिले आहेत. कारण माझी आई हा लेख वाचणार आहे आणि तिला एबीसीडी येत नाही. बाबांना येते, पण त्यांच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते. आपल्या महाराष्ट्रात २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे मी सात वर्षे इंग्रजी शिकते आहे. तरी माझ्या हातून जी चूक झाली ती ऐका.

माझा मामा फौजेत आहे. त्याचे गाव धुळ्याच्या पलीकडे आणि आमचे गाव पारोळा आणि एरंडोलच्या मधे, महामार्गाच्या फाट्यापासून आत. गेल्या उन्हाळ्यात मामा सुट्टीवर आला होता. मी त्याला फोनवर फुशारकी मारली की मला आता इंग्रजी चांगले वाचता येते. मामा म्हणाला, "असं का? मग पुढचा निरोप तुला इंग्रजीतच पाठवतो." आणि खरेच त्याने पाठवला. बाबांच्या मोबाईलवर तो असा आला:

"आय विल गो टू जळगाव फ्रॉम धुळे बाय बस ऑन मंडे. मीट मी ॲट द फाटा ॲट टेन."

आई भाकरी करत होती. ती म्हणाली, "काय लिखेल शे त्यामा?" मी ऐटीत वाचून दाखवले. मामा सोमवारी बसने जळगावहून धुळ्याला जाणार आहे, दहा वाजता फाट्यावर भेटू. आईला ते खरेही वाटले, कारण त्याच आठवड्यात मामा मित्राच्या लग्नाला जळगावला गेलेला होता. लग्न आटोपून घरी परत चाललाय, असे आम्ही समजलो.

सोमवारी आई, बाबा आणि मी साडेनऊलाच फाट्यावर जाऊन उभे राहिलो. आईजवळ बिबड्यांचा डबा, लोणच्याची बरणी आणि शेंगदाण्याची चटणी होती. आम्ही रस्त्याच्या धुळ्याकडे जाणाऱ्या बाजूला उभे होतो. जळगावकडून येणारी प्रत्येक बस बघत होतो. दहा वाजून गेले. तेवढ्यात पलीकडच्या बाजूने, धुळ्याकडून, एक बस आली. खिडकीतून कोणीतरी जोरजोरात हात हलवत होते. तो मामा होता! मधे दुभाजक, दोन्हीकडून ट्रक. फाट्यावर पलीकडे हात दाखवायला कोणीच नव्हते, म्हणून बस थांबली नाही. पाच मिनिटांनी फोन आला. मामा म्हणत होता, "अक्का, तू तिकडे काबर उभी व्हती?"

मामाची सुट्टी संपली होती. लग्नाहून तो केव्हाच घरी परतला होता आणि आता जळगावला गाडी धरायला चालला होता. त्यानंतर तो थेट पुढच्या सुट्टीत येणार. आई मला एक शब्द बोलली नाही. डबा घेऊन घरी आली आणि पत्र्याच्या पेटीत ठेवून दिला. मला मात्र जेवण गेले नाही.

शाळा सुरू झाल्यावर मी गुरुजींना तो निरोप दाखवला. मला वाटले ते हसतील. पण त्यांनी खडू घेतला, वाक्य फळ्यावर लिहिले आणि म्हणाले, "तू शब्द सगळे बरोबर वाचले. तुझी गाठ चुकली." ही गाठ काय आहे, ते मी आता सांगते.

मराठीत आपण "धुळ्याहून" म्हणतो. आधी धुळे येते, मग त्याला "हून" चिकटते. जळगावला, बसने, घरात, झाडावर, आईसोबत, जेवणानंतर, सगळीकडे छोटा तुकडा नावाच्या मागे लागतो. माझी आजी अहिराणी बोलते. तिच्या बोलण्यातही तसेच. "घरमा", "वावरमा", "मले", "तुले". (गुजरातीतही घरात असे म्हणायचे तर "घरमां" म्हणतात. ग्रियर्सन नावाच्या साहेबाने हिंदुस्थानातल्या भाषांची मोठी पाहणी केली. तिच्या १९०७ सालच्या एका भागात आपल्या खानदेशीवर लिहिले आहे. त्याने आपली बोली मराठीत न घालता भिल्ल बोलींच्या भागात घातली. आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, त्या साहेबाले काय ठाऊक!)

इंग्रजीत नेमके उलटे आहे. छोटा शब्द आधी येतो आणि नाव मागून येते. "फ्रॉम धुळे." "टू जळगाव." "बाय बस." "ऑन मंडे." या छोट्या शब्दाला इंग्रजीत प्रीपोझिशन म्हणतात. त्यातल्या "प्री"चा अर्थच आधी, पुढे असा आहे. आधी जागा घेणारा शब्द. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात त्याला शब्दयोगी अव्यय म्हणतात, पण आपला शब्दयोगी मागे चालतो आणि त्यांचा पुढे.

माझी चूक इथेच झाली. मी इंग्रजी वाक्य मराठीच्या सवयीने वाचले. "जळगाव फ्रॉम" एवढे एकत्र बांधले, तर झाले जळगावहून. मग उरले धुळे. म्हणजे धुळ्याला. पुढे "बस" होते, ते घेतले बसने. अर्थ अगदी छान जमला आणि अगदी उलटा निघाला! गुरुजींनी फळ्यावर प्रत्येक छोट्या शब्दाखालून रेघ काढून ती पुढच्या नावाला नेऊन जोडली. फळ्यावर चार गाठोडी दिसायला लागली:

(टू जळगाव) (फ्रॉम धुळे) (बाय बस) (ऑन मंडे)

छोटा शब्द नेहमी आपल्या पुढे चालणाऱ्याचा हात धरतो. मागच्याचा नाही. एवढे जरी तुम्ही या लेखातून घेतले तरी पुष्कळ झाले.

आपल्याला हे अगदीच परके आहे असेही नाही. बसमध्ये आपण कंडक्टरला विचारतो ना, "गाडी व्हाया अमळनेर आहे का?" तिथे "व्हाया" आधी आणि अमळनेर नंतर. "अमळनेर व्हाया" असे कोणी म्हणत नाही. तो शब्द बाहेरून आला आणि येताना आपली जागा घेऊन आला. तसेच "विनातिकीट", "दररोज", आणि बाजार समितीत कापसाचा भाव सांगतात तो "प्रतिक्विंटल". यांतही छोटा तुकडा पुढेच आहे. मला हे सापडल्यावर फार आनंद झाला, कारण हे गुरुजींनी नाही, मी स्वतः शोधले.

आणखी एक गंमत. मराठीत छोटा तुकडा लागला की नावाचे रूप बदलते. धुळेचे धुळ्या होते, शाळाचे शाळे, घोडाचे घोड्या. आपण "धुळेहून" म्हणत नाही. इंग्रजीत नावाला काही होत नाही. धुळे ते धुळेच राहते. पण सर्वनाम मात्र बदलते. "आय"चे होते "मी", "ही"चे "हिम", "शी"चे "हर", "वी"चे "अस", "दे"चे "देम". "यू" आणि "इट" तसेच राहतात. म्हणून "कम विथ मी" म्हणायचे, "कम विथ आय" नाही. "गिव्ह इट टू हिम" म्हणायचे, "टू ही" नाही.

आता इंग्रजीतल्या "मी" या शब्दाने किती घोटाळा होतो बघा. आपला मी म्हणजे मी. त्यांचा मी म्हणजे मला! मामाने लिहिले होते "मीट मी". मी ते वाचले "मी भेटेन". अर्थ होता "मला भेटा". ही चूक त्या दिवशी नडली नाही, कारण भेटायचे दोघांनाही होते.

आता सर्वनाम आणि क्रियापद यांचे काय नाते आहे ते बघू. मला हा भाग सगळ्यांत आवडला.

मराठीत कोणी नुसते "जाते" म्हटले तरी आपल्याला कळते की बोलणारी मुलगी आहे, नाहीतर एखाद्या बाईबद्दल बोलणे चालले आहे. "जातोस" म्हटले की समोरचा मुलगा आहे आणि त्याला तू म्हणतात. "जाता" म्हटले की समोर कोणी मोठे माणूस आहे. म्हणजे मराठी क्रियापदाच्या पोटातच सर्वनाम बसलेले असते. ते वेगळे बोलले नाही तरी चालते. आई विचारते, "शाळेत गेली होतीस?" त्यात "तू" कुठे आहे? कुठेच नाही, तरी आहे.

इंग्रजी क्रियापदाच्या पोटात जवळजवळ काहीच नाही. आय गो, यू गो, वी गो, दे गो. सगळ्यांना एकच "गो". ते कोण जाते हे सांगत नाही. म्हणून सर्वनाम सोडता येत नाही. गेल्या वर्षी शाळा तपासायला पाहुणे आले होते, तेव्हा त्यांनी आमच्या वर्गातल्या एका मुलीला इंग्रजीत विचारले, तू सकाळी काय करतेस? तिला म्हणायचे होते, विहिरीवर जाते. ती म्हणाली, "गो टू द वेल." इंग्रजीत सर्वनाम काढून नुसते "गो" म्हटले की तो हुकूम होतो. म्हणजे तिने पाहुण्यांनाच विहिरीवर जायला सांगितले! पाहुणे मोकळेपणी हसले. तिला मात्र का हसतात ते कळले नाही. आता हे वाचून कळेल. ती माझी मैत्रीण आहे, तिला विचारूनच लिहिले आहे.

सर्वनामाची जागा रिकामी ठेवायची नाही, हा नियम इंग्रजी लोक इतका पाळतात की जिथे कोणीच नाही तिथेही कोणाला तरी बसवतात. आपण म्हणतो, "पाऊस पडतोय." ते म्हणतात, "इट इज रेनिंग." हा "इट" कोण? मी गुरुजींना विचारले, इट म्हणजे ढग का, आभाळ का? गुरुजी म्हणाले, कोणी नाही. पंगतीत पाट रिकामा दिसू नये म्हणून बसवलेला माणूस आहे तो. तसेच "इट इज हॉट" आणि "इट इज टेन ओ'क्लॉक".

मी वर "जवळजवळ काहीच नाही" असे लिहिले. जवळजवळ का, ते सांगते. ही, शी आणि इट या तिघांबरोबर क्रियापदाला शेवटी स किंवा झ असा आवाज लागतो. ही गोज, शी ईट्स, इट रन्स. बाकी कोणाला नाही. आमच्या वर्गातली निम्मी मुले "आय गोज" म्हणतात आणि गुरुजी दरवेळी दुरुस्त करतात. असे का होते ते मला आजीमुळे समजले. आजी बोलते, "मी जास", "तू जास", "तो जास". म्हणजे आजीच्या अहिराणीत एकटे कोणीही असले तरी शेवटी स येतो, आणि अनेक जण असले की "जातस" होते. ज्याच्या घरी अहिराणी आहे त्याच्या जिभेला मी म्हटल्यावर स लावायची सवयच असते. तो बिचारा "आय"ला पण स लावतो. म्हणून मला वाटते, "आय गोज" म्हणणाऱ्याला ढ म्हणू नये. तो एका भाषेचा नियम अगदी बरोबर पाळतो, फक्त ती भाषा इंग्रजी नाही. गुरुजींना मी हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, हे लेखात लिही.

क्रियापदाच्या मुळाला मराठीत धातू म्हणतात. जा, ये, खा, बस हे धातू. आमची सहल धुळ्याला गेली होती तेव्हा आम्ही राजवाडे संशोधन मंडळ पाहिले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ साली ३१ डिसेंबरला धुळ्यातच निधन झाले आणि पुढच्या वर्षी हे मंडळ सुरू झाले. त्यांनी इतिहासाचे कागद जमवले हे सर्वांना माहीत असते, पण त्यांनी मराठीचे धातूही असेच गोळा केले होते. त्या धातूंचा कोश पुढे छापला गेला. एका "जा"पासून मराठीत किती रूपे होतात, जातो, जाते, जाशील, जाऊ, जाताना, जाणारा. मी मोजायला बसले आणि पाठीची पाने संपली. इंग्रजी "गो"ची रूपे मात्र एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. गो, गोज, वेंट, गॉन, गोइंग. बाकीचे काम जागेवर आणि छोट्या शब्दांवर सोपवलेले आहे.

आहे या क्रियापदाची तेवढी वेगळी तऱ्हा आहे. आय ॲम, ही इज, शी इज, इट इज, आणि यू, वी, दे यांना आर. हे पाठच करावे लागते. आपल्याकडे आहे, आहेस, आहोत, आहात, आहेत अशी पाच आहेत, ती आपण पाठ केलेली नाहीत, तरी येतात. आजीला विचारले तर ती म्हणते "शे" आणि मोकळी होते.

सर्वनामात इंग्रजी भाषा काही ठिकाणी कंजूष आहे. तू, तुम्ही, आपण या तिघांना मिळून एकच "यू". गुरुजींना यू आणि वासरालाही यू. आजी म्हणाली, "गुरुजीले अस बोलाले लाज नही वाटस का?" पूर्वी इंग्रजीत तूसाठी "दाऊ" असा वेगळा शब्द होता, पण तो रोजच्या बोलण्यातून गेला. तसेच आम्ही आणि आपण या दोघांना "वी" एकच आहे. माझी मैत्रीण मला म्हणाली, "वी आर गोइंग टू द फेअर," तर मी तयारी करू की नको? "आम्ही जत्रेला चाललो" असेल तर मी घरीच, आणि "आपण जत्रेला चाललो" असेल तर मी पण! मराठीत हे लगेच कळते. या बाबतीत मराठी सरस आहे असे माझे मत आहे.

पण ही आणि शी यांच्या बाबतीत हिशेब दुसऱ्या बाजूने आहे. मराठीत मुलगा "जातो" म्हणतो, मुलगी "जाते" म्हणते. इंग्रजी क्रियापदाला मुलगा कोण मुलगी कोण याच्याशी काही देणेघेणे नाही. ही गोज, शी गोज. मला हे बरे वाटले. मुलींसाठी वेगळे रूप पाठ करायला नको.

आता "मला"ची वाक्ये. आपण मोजले तर दिवसभर आपण मी कमी आणि मला जास्त म्हणतो. मला भूक लागली, मला ताप आहे, मला दोन भाऊ आहेत, मला माहीत आहे. आजीचेही "मले भूक लागनी". मराठीत भूक येऊन आपल्याला लागते. इंग्रजीत माणूसच पहिल्या जागी बसतो. "आय ॲम हंग्री." "आय हॅव फीवर." "आय हॅव टू ब्रदर्स." "आय नो." यातला टू म्हणजे दोन, आपला छोटा शब्द नव्हे. म्हणून इंग्रजी बोलताना जिथे जिथे मला म्हणावेसे वाटेल, तिथे आधी आय घालून बघावे. बहुतेक वेळा जमते.

"ला"चे तर विचारूच नका. एक ला आणि त्याची इंग्रजीत किती घरे! धुळ्याला जातो, टू धुळे. सहाला उठतो, ॲट सिक्स. सोळा तारखेला, ऑन. "दादाला बोलाव" म्हटले तर इंग्रजीत लाच नाही, नुसते "कॉल दादा". "ने"चेही तसेच आहे. बसने आलो तर बाय बस आणि चाकूने कापले तर विथ अ नाइफ. म्हणून ला म्हणजे टू आणि ने म्हणजे बाय, असे पाठ करून उपयोग नाही. मी तसे पाठ केले होते आणि घटक चाचणीत चार गुण गेले.

त, वर आणि ला यांसाठी इन, ऑन, ॲट हे तीन फार लागतात. वेळेसाठी एक सोपी पद्धत गुरुजींनी सांगितली. घड्याळातली वेळ असली की ॲट, वार किंवा तारीख असली की ऑन, महिना किंवा वर्ष असले की इन. ॲट टेन, ऑन मंडे, इन जून. काळ जितका मोठा तितका आतमधे शिरायला वाव, म्हणून इन, असे मी लक्षात ठेवले. जागेसाठी मात्र एवढी सोपी पद्धत नाही, ते वाचून वाचूनच येते.

आता शब्दांचा क्रम. मराठीत क्रियापद शेवटी बसते आणि मधली गाठोडी आपण इकडची तिकडे केली तरी अर्थ बिघडत नाही. "मांजर उंदराला धरते" म्हणा किंवा "उंदराला मांजर धरते" म्हणा, मरतो उंदीरच. कारण "ला" उंदरालाच चिकटलेला आहे, तो कुठेही गेला तरी ओळखू येतो. इंग्रजीत "द कॅट कॅचेस द रॅट" हे उलटवून "द रॅट कॅचेस द कॅट" केले, तर उंदीर मांजराला धरतो. तिथे नावावर काही खूण नसते, फक्त जागा असते. क्रियापदाच्या आधी बसला तो करणारा, नंतर बसला तो भोगणारा.

म्हणून इंग्रजी साध्या वाक्याची रांग अशी असते. आधी सर्वनाम किंवा नाव, लगेच क्रियापद, मग गाठोडी. मला तर ती मालगाडीसारखी वाटते. पुढे इंजिन, त्याला जोडून एक डबा, मागे हवे तितके वाघिणीचे डबे. गाठोडी कमी करा, वाढवा, वाक्य चालते. "आय गो." एवढ्यावरही चालते.

मी एक युक्ती शोधली आहे. मराठी वाक्य घ्यायचे. पहिला शब्द जागेवर ठेवायचा आणि बाकीचे शेपटाकडून वाचायचे. बघा:

मी / रोज / भावासोबत / सायकलने / शाळेत / जाते.

आता पहिल्या शब्दानंतर शेवटून चला. मी, जाते, शाळेत, सायकलने, भावासोबत, रोज. याचे इंग्रजी झाले, "आय गो टू स्कूल बाय सायकल विथ माय ब्रदर एव्हरी डे." आणि मामाचा निरोप? मामा / सोमवारी / बसने / धुळ्याहून / जळगावला / जाणार. शेवटून वाचा, जाणार, जळगावला, धुळ्याहून, बसने, सोमवारी. फळ्यावरची चारही गाठोडी त्याच क्रमाने उतरतात! गुरुजी म्हणाले, युक्ती छान आहे पण लांब वाक्याला आणि प्रश्नाला लावू नको, फसशील. म्हणून मी फक्त छोट्या वाक्याला लावते.

जळगाव स्टेशनवर कधी गेलात तर लाऊडस्पीकरकडे लक्ष द्या. सुरतेची लाइन जळगावला मुंबईच्या मोठ्या लाइनला मिळते, त्यामुळे तिथे दोन्हीकडच्या गाड्या पुकारतात. मराठीत सांगतात, सुरतहून भुसावळकडे जाणारी. इंग्रजीत तेच "फ्रॉम सुरत टू भुसावळ". मराठीत कान नावानंतर उघडे ठेवायचे, इंग्रजीत नावाच्या आधी. मी आणि बाबांनी एकदा बाकावर बसून हा खेळ केला. बाबांचे एकदा चुकले, माझे दोनदा.

पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. गोळ्यांच्या चिठ्ठीवर "आफ्टर फूड" किंवा "बिफोर फूड" लिहिलेले असते. फूड म्हणजे जेवण हे सगळ्यांना कळते, पण खरा अर्थ पुढच्या छोट्या शब्दात असतो. आफ्टर म्हणजे नंतर, बिफोर म्हणजे आधी. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर रंगीत खूण असते. लाल सगळ्यांत विषारी, मग पिवळी, मग निळी, मग हिरवी. ती तर अक्षर न येणाऱ्यालाही कळते. पण सूचना इंग्रजीत असली आणि तिच्यात "अगेन्स्ट द विंड" असे आले, तर अगेन्स्ट म्हणजे विरुद्ध. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू नका, औषध आपल्याच अंगावर येते, असे ते सांगतात. "विथ द विंड" म्हणजे वाऱ्याच्या दिशेने. वारा तोच, विंड हा शब्दही तोच, आधीचा शब्द बदलला की माणूस दवाखान्यात. सोबतच्या माहितीपत्रकात मराठीही असते, ते बाटलीबरोबर फेकून देऊ नये. आम्ही घरी बाटलीवरची सूचना आधी मोठ्याने वाचतो. छोटे शब्द मी वाचते, औषधाचे नाव बाबा वाचतात.

हा लेख लिहून झाला तेव्हा मी मामाला एक निरोप पाठवला. तो मी गुरुजींना न दाखवता लिहिला: "वी वेअर ऑन द राँग साइड ऑफ द रोड. आय ॲम सॉरी." मामाचे उत्तर चार दिवसांनी आले. तो जिथे आहे तिथे रोज फोन लागत नाही. उत्तर असे होते:

"आय विल कम टू युवर हाउस फ्रॉम जळगाव आफ्टर दिवाळी. वेट फॉर मी ॲट द फाटा."

मी पाटीवर लिहून प्रत्येक छोट्या शब्दाखाली रेघ काढली आणि पुढच्याला जोडली. टू, तुमच्या घरी. फ्रॉम, जळगावहून. आफ्टर, दिवाळीनंतर. फॉर मी, म्हणजे माझ्यासाठी, मामासाठी. मग आईला सांगितले. आई म्हणाली, "दिवाळीआधी नाही का?" मी म्हटले, आफ्टर आहे, नंतरच. तिचे तोंड जरा उतरले. बाबांनी विचारले, "मग या वेळी कोणत्या बाजूला उभं राहायचं?" मी पुन्हा पाटीकडे बघितले आणि म्हणाले, जळगावहून येतोय, म्हणजे मागच्या वेळी उभे होतो तिथेच.

बिबड्यांचा डबा अजून पेटीत आहे. आईने परवा तो उघडून बघितला, वास घेतला आणि झाकण घट्ट लावून परत ठेवला.

— इयत्ता सातवी